कीटकांना मारणारी बुरशी मातीत कुठे राहते, आणि तिथेच का?

ओलसर माती एका डबीत भरायची, तिच्यात मेणपतंगाच्या काही अळ्या सोडायच्या, झाकणाला बारीक भोकं पाडायची आणि डबी अंधारात ठेवायची. सुरुवातीचे काही दिवस ती रोज उलटी करायची. त्यामुळे अळ्यांना पुन्हा पुन्हा मातीतून वाट काढावी लागते आणि त्यांचं अंग जास्तीत जास्त मातीला लागतं. आठ-दहा दिवसांत काही अळ्या मरतात. बऱ्याचशा काळ्या पडून नासतात. पण एखादी अळी मेल्यावर सडतच नाही. ती कडक होते, कधी लालसर दिसते. तिला ओल्या टिपकागदावर ठेवलं की दोन-तीन दिवसांत शरीराच्या वळ्यांमधून पांढरे तंतू बाहेर येतात, आणि मग त्यांच्यावर पूड धरते. पूड पांढरी राहिली तर बहुधा बिव्हेरिया आणि हिरवी झाली तर मेटारायझियम.

मातीत कीटकनाशक बुरशी आहे का, हे शोधायची ही पद्धत गिस्बर्ट झिमरमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडली. आजही जगभर तीच वापरली जाते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही आणि मेणपतंगाच्या अळ्या सहज वाढवता येतात. या पद्धतीने शेतातली, जंगलातली, कुरणातली माती तपासायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. या बुरशा जवळपास सगळीकडे सापडतात, पण सगळीकडे सारख्या नसतात. एका जागी एक जात वरचढ, तर शंभर पावलांवर दुसरीच. असं का होतं, याचं उत्तर शोधताना या बुरशांबद्दलची आपली समजूतच बदलली. ती कशी, ते या लेखात सांगायचं आहे.

आधी बुरशी कीटकाला मारते कशी, ते पाहू. बहुतेक जिवाणू आणि विषाणू कीटकाच्या पोटात गेल्यावरच काम करतात. बुरशीला त्याची गरज नाही. तिचा बीजाणू, म्हणजे त्या पुडीतला एक कण, कीटकाच्या त्वचेवर पडला तरी पुरे. बिव्हेरियाचा बीजाणू गोल असतो, दोन-तीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मेटारायझियमचा थोडा मोठा आणि लांबट. त्यांच्यावर पाणी न धरणारं एक आवरण असतं, त्यामुळे ते कीटकाच्या मेणचट त्वचेला चिकटतात. पुरेशी ओल मिळाली की बीजाणूतून कोंब फुटतो, त्याचं टोक फुगतं आणि त्वचेवर दाब देतं. त्याच वेळी बुरशी कवचातली प्रथिनं आणि कायटिन हे कठीण द्रव्य विरघळवणारी विकरं सोडते. दाब आणि विकरं मिळून कवच भेदलं जातं. आत शिरल्यावर बुरशी सुट्या पेशींच्या रूपात कीटकाच्या रक्तात वाढते, त्यातलं अन्न संपवते, काही जाती विषारी द्रव्यंही सोडतात. साधारण आठवड्याभरात कीटक मरतो. मग ती मेलेल्या शरीराची राखण करते. बिव्हेरिया ओस्पोरीन नावाचं लाल रंगद्रव्य तयार करते, ते जिवाणूंना वाढू देत नाही. अळी सडत नाही आणि लालसर दिसते ती यामुळेच. शेवटी तंतू बाहेर येतात आणि एका लहानशा मृत शरीरावर कोट्यवधी बीजाणू तयार होतात.

हे ज्ञान नवं नाही. इटलीतल्या अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिलं की रेशमाच्या अळ्यांवर येणारा पांढरा रोग एका बुरशीमुळे होतो. एखादा सूक्ष्मजीव प्राण्याला रोग देऊ शकतो, याचा तो पहिला भक्कम पुरावा. बिव्हेरिया बॅसियाना या नावातला दुसरा शब्द बास्सींवरूनच आला. पुढे १८७९ मध्ये इल्या मेच्निकोव्ह यांनी, ज्यांना नंतर रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, गव्हावरच्या भुंगेऱ्यांना मारणारी हिरवी बुरशी ओळखली आणि तिचा वापर किडींविरुद्ध करता येईल असं सुचवलं. तीच आजची मेटारायझियम.

सुरुवातच किडीपासून झाल्यामुळे पुढचा सगळा विचारही किडीभोवतीच फिरला. बुरशीचा नमुना साठवताना तो कोणत्या कीटकावर सापडला याची नोंद आवर्जून व्हायची. भुंगेऱ्यावर सापडलेला वाण भुंगेऱ्यांसाठी चांगला, पतंगावरचा पतंगांसाठी, असं धरून चाललेलं असायचं. या समजुतीत तर्क होताच. परजीवी आपल्या यजमानाशी जुळवून घेत बदलत जातो, हे जीवशास्त्रात ठिकठिकाणी दिसतं. मग कीटक मारून जगणाऱ्या बुरशीची कुळंही कीटकांप्रमाणेच वेगळी झाली असणार, असं कुणालाही वाटेल.

याला पहिला मोठा धक्का कॅनडातून बसला. ओंटारिओ प्रांतातल्या जंगलांतून आणि शेतांतून मायकेल बिडोच्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेटारायझियमचे नमुने गोळा केले आणि त्यांची जनुकीय तुलना केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात नमुन्यांचे दोन स्पष्ट गट पडले. एकाच नावाने ओळखली जाणारी ही बुरशी प्रत्यक्षात दोन वेगळ्या कुळांत विभागलेली होती आणि त्या दोघांत जनुकांची देवाणघेवाण होत नव्हती. हे दोन गट कोणत्या कीटकाला मारतात यावर अजिबात अवलंबून नव्हते. ते जागेप्रमाणे वेगळे होते. एक गट शेतजमिनीतला, दुसरा जंगलातला.

फरक नुसता पत्त्याचा नव्हता. शेतातल्या गटाला जास्त तापमानात वाढता येत होतं आणि अतिनील किरणांचा मारा झाल्यावरही त्याचे बीजाणू तग धरत होते. जंगलातला गट थंडीत वाढू शकत होता. उघड्या शेतात माती दिवसा तापते, वरच्या थरातल्या बीजाणूंवर थेट ऊन पडतं. दाट झाडांखालची माती थंड आणि सावलीतली असते, तिथे उन्हाशी झगडण्यापेक्षा थंडीतही वाढत राहणं उपयोगाचं. दोन्ही ठिकाणी मारायला कीटक आहेतच. पण दोन कीटकांच्या मधला जो मोठा काळ बुरशीला मातीत काढावा लागतो, तो काळ कोण निभावून नेतं, यावर कुळ टिकणं ठरतं. पुढच्याच वर्षी याच संशोधकांनी बिव्हेरियाबाबतही असाच निष्कर्ष मांडला: निवड जागा करते, कीटक नाही.

मला या निष्कर्षाचं फार मोल वाटतं, कारण तो या बुरशीच्या आयुष्याकडे बघायची दिशाच बदलतो. आपण तिला कीटक मारताना पाहतो म्हणून तेच तिचं सगळं आयुष्य समजतो. पण एक बीजाणू धरून हिशेब करा. तो मृत कीटकावर तयार झाला, मातीत मिसळला. पुढचा कीटक त्याला स्पर्श करून जाईपर्यंत कितीतरी महिने जातील, बहुतेक बीजाणूंच्या वाट्याला तो कधीच येणार नाही. मातीतले असंख्य जिवाणू आणि इतर बुरशा त्याला रुजू देत नाहीत, मातीतले लहान प्राणी त्याला खातात, ऊन आणि कोरडेपणा त्याला मारतात. या काळात वाचलेलं कुळच पुढे दिसतं.

२००९ मध्ये बिशॉफ, रेनर आणि हंबर यांनी अनेक जनुकांची तुलना करून, ज्या एकाच नावाने ही बुरशी तोवर ओळखली जायची त्या मेटारायझियम अॅनिसोप्लीच्या पोटात नऊ वेगळ्या प्रजाती असल्याचं मांडलं. ओंटारिओच्या शेतातला गट आता मेटारायझियम रॉबर्ट्सी म्हणून ओळखला जातो आणि जंगलातला मेटारायझियम ब्रुनियम म्हणून. दिसायला या बुरशा इतक्या सारख्या आहेत की सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या ओळखणं बहुतेक वेळा शक्य नसतं. म्हणून २००९ आधीच्या लेखांत 'अॅनिसोप्ली' असं नाव दिसलं, तर नेमकी कोणती प्रजाती अभिप्रेत आहे याची खात्री धरता येत नाही.

मुळांशी असलेलं नातं

जागा म्हणजे फक्त तापमान आणि ऊन, असं वरच्या मजकुरावरून वाटेल. खरी गंमत त्यापुढे आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये कोबीच्या शेतात एक प्रयोग झाला. चकाकणारं प्रथिन तयार करणारी मेटारायझियम मातीत मिसळली, म्हणजे नंतर तीच बुरशी नेमकी ओळखता येईल. हू आणि सेंट लेजर यांनी २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष दिले. मोकळ्या मातीत बुरशीचं प्रमाण दर ग्रॅमला रुजू शकणाऱ्या सुमारे एक लाख कणांवरून काही महिन्यांत हजाराच्या घरात उतरलं. पण कोबीच्या मुळांना लगटून असलेल्या मातीत ते सहा महिन्यांनंतरही लाखाच्या आसपासच होतं. शेत एकच, हवामान एकच, बुरशी एकच. फरक फक्त मुळांपासूनच्या अंतराचा.

मुळं साखरेसारखी द्रव्यं बाहेर सोडत असतात आणि बुरशी त्यांवर जगते. त्यासाठी लागणारी सोयही तिच्यापाशी आहे. मेटारायझियमच्या बीजाणूवर चिकटण्यासाठी दोन वेगवेगळी प्रथिनं असतात. एक कीटकाच्या त्वचेला धरण्यासाठी, दुसरं वनस्पतीच्या पृष्ठभागाला. संशोधकांनी यातलं दुसरं प्रथिन काढून टाकलं तेव्हा बुरशीची वनस्पतीला चिकटण्याची ताकद घटली, पण कीटक मारण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही. पहिलं काढलं तेव्हा कीटकाला चिकटणं अवघड झालं. म्हणजे या बुरशीला दोन प्रकारचं जगणं येतं आणि दोन्हींसाठी तिच्याकडे स्वतंत्र अवजारं आहेत.

ही बुरशी मुळांच्या आतही शिरते, आणि तिथे ती रोग करत नाही. ओंटारिओतल्या ब्रॉक विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये यावर एक फार देखणा प्रयोग केला. मेणपतंगाच्या अळ्यांना नायट्रोजनचा जड प्रकार टोचला, म्हणजे तो पुढे कुठे जातो याचा माग काढता येईल. या अळ्यांना मेटारायझियमची लागण केली आणि रोपांशेजारी मातीत ठेवलं. मध्ये इतकी बारीक जाळी लावली की मुळं पलीकडे जाऊ शकणार नाहीत, पण बुरशीचे तंतू जाऊ शकतील. काही दिवसांनी अळीतला नायट्रोजन घेवड्याच्या आणि गवताच्या पानांत सापडला. बुरशीने कीटक मारला आणि त्यातला नायट्रोजन रोपाला पोचवला. उलट दिशेचा व्यवहारही याच गटाने २०१७ मध्ये दाखवला: रोपाने हवेतून घेतलेला कार्बन बुरशीपर्यंत पोचत होता.

हे कळल्यावर मातीतल्या वाटणीचा एक जास्त चांगला खुलासा हाती येतो. २०११ मध्ये ओंटारिओतच वेगवेगळ्या वनस्पतींची मुळं खणून त्यांच्याभोवतीची मेटारायझियम तपासली, तेव्हा गवताच्या मुळांशी प्रामुख्याने रॉबर्ट्सी सापडली, झुडपांच्या मुळांशी ब्रुनियम आणि झाडांच्या मुळांशी ग्वीझोउएन्से ही तिसरी प्रजाती. शेत म्हणजे बहुतांशी गवताच्या कुळातली पिकं आणि मोकळं गवत. जंगल म्हणजे झुडपं आणि झाडं. तेव्हा रॉबर्ट्सी शेतात सापडते ती तिला ऊन झेपतं म्हणून, की तिची मुळं तिथे आहेत म्हणून? माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढायचा आग्रहच धरू नये. गवताशी सोबत धरायची तर उघड्यावर राहणं आलं, आणि उघड्यावर राहायचं तर ऊन सोसणं आलं. एकातून दुसरं येतंच.

नांगरलेलं शेत आणि शेजारचं कुंपण

शेत आणि जंगल यांच्यातला फरक कॅनडात दिसला होता. डेन्मार्कमध्ये निकोलाय मेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न अगदी जवळच्या अंतरावर तपासला: एक सेंद्रिय शेत आणि त्याला लागून असलेली कुंपणाची झाडी. त्यांनी मातीतून, पानांवरून आणि मेलेल्या कीटकांवरून बिव्हेरिया गोळा केली. २००९ च्या त्यांच्या लेखात चित्र स्पष्ट आहे. नांगरलेल्या शेताच्या मातीत बिव्हेरियाचं एकच कुळ सापडलं. काही पावलांवरच्या झाडीत ते कुळ तर होतंच, शिवाय आणखी बरीच होती.

नांगरटीने वरची माती खाली जाते, खालची वर येऊन उन्हात पडते, बुरशीचे तंतू तुटतात आणि दर हंगामात मुळांची सोबत संपते. हे सगळं सोसणारं कुळ शेतात उरतं. झाडीत सावली आहे, ओल आहे, पालापाचोळा आहे आणि वर्षभर तऱ्हेतऱ्हेचे कीटक आहेत. तिथे बिव्हेरियाचे बीजाणू नुसते मातीत नसतात, ते पानांवरही बसलेले असतात. पावसाचे थेंब मातीतले बीजाणू उडवून खालच्या पानांवर टाकतात, पानांवरून ते पुन्हा धुऊन खाली येतात. मावा खाणारे मित्रकीटक एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना अंगावर बीजाणू वाहून नेतात. शेताकडेची ही झाडी म्हणजे निरुपयोगी जागा, असं समजून ती साफ केली जाते तेव्हा बुरशीची ही सगळी विविधता जाते. याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, आणि ते जायला हवं.

पण डेन्मार्कमधल्याच पुढच्या अभ्यासांनी एक गुंताही करून ठेवला आहे. तिथल्या शेतात मेटारायझियमच्या नमुन्यांत सर्वाधिक सापडली ती ब्रुनियम. ओंटारिओत जी जंगलाची मानली गेली, ती इथे नांगरलेल्या शेतात! म्हणजे 'ब्रुनियम जंगलाची, रॉबर्ट्सी शेताची' हा नियम जसाच्या तसा जगभर लावता येत नाही. पनामातल्या उष्ण जंगलात तर पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या परिसरातल्या मातीतही मेटारायझियम सापडली आहे. मला यातून असं दिसतं की जागा निवड करते हे पक्कं, पण ती प्रजातीचं नाव बघून निवड करत नाही. डेन्मार्कचं शेत ओंटारिओच्या शेताइतकं उन्हाळ्यात तापत नसेल, तर थंडी सोसणाऱ्या कुळाला तिथे वाव मिळणं स्वाभाविक आहे. जंगल किंवा शेत हे आपण दिलेले शिक्के आहेत. बुरशीला कळतं ते तापमान, ओल, मुळं आणि मातीची उलथापालथ.

शोधायच्या पद्धतीचाही यात हात आहे. मेणपतंगाच्या अळ्यांनी शोधलं तर मेणपतंगाला मारणारीच बुरशी हाती लागते, आणि तीही डबी ज्या तापमानात ठेवली त्यात वाढणारी. तीच माती ठरावीक बुरशाच वाढू देणाऱ्या माध्यमावर पसरली तर प्रमाण वेगळं येतं. आमिष बदललं तरी वेगळं येतं. दोन देशांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी ते कसे मिळवले हे बघावंच लागतं.

जिथे कीटकच ठरवतो

आतापर्यंतचं सगळं शेकडो प्रकारचे कीटक मारू शकणाऱ्या बुरशांबद्दल होतं. ज्यांना मोजकेच यजमान चालतात, त्यांचं गणित वेगळं. स्वित्झर्लंडमध्ये युरोपीय भुंगेऱ्याच्या हुमणीविरुद्ध बिव्हेरिया ब्रोंगनिआर्टी ही बुरशी वापरतात. तिची वाढ जवाच्या दाण्यांवर करून ते दाणे कुरणाच्या जमिनीत पेरतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जनुकीय खुणांच्या आधारे तपासलं, तेव्हा पेरलेले वाण १४ वर्षांनंतरही त्याच जमिनीत सापडले. हुमणी जमिनीत काही वर्षं राहते, मुळं खाते, मरते आणि बुरशीला पुन्हा पुरवठा होतो. ही बुरशी टिकण्यामागे तिच्या यजमानाची हजेरी मोठी असते.

टोळ आणि नाकतोडे मारणारी मेटारायझियम अॅक्रिडम अशीच निवडक आहे. आफ्रिकेतल्या टोळांविरुद्ध तिच्यापासून केलेलं जैविक कीटकनाशक वापरलं गेलं. आणखी टोकाचं उदाहरण एन्टोमोफागा मैमैगा या बुरशीचं. ती स्पंजी पतंगाच्या सुरवंटांना मारते आणि जाड भिंतीचे सुप्त बीजाणू मातीत सोडते. मोठे सुरवंट झाडाच्या बुंध्यावर मरून खाली पडतात, म्हणून हे बीजाणू बुंध्यापाशीच सर्वाधिक असतात. तिथे ते वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. या बुरशीला मुळांची सोबत लागत नाही, तिने पुढच्या सुरवंटाची वाट पाहण्याची वेगळीच व्यवस्था केली आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात १९८९ मध्ये या पतंगावर तिची साथ पसरलेली पहिल्यांदा लक्षात आली.

आता हे सगळं वापरायचं कसं? जैविक कीडनियंत्रणासाठी वाण निवडताना प्रयोगशाळेत कोणता वाण किती लवकर कीटक मारतो, हीच कसोटी लावायची प्रथा आहे. साधारण २५ अंशांला, ओल भरपूर, ऊन नाही, शेजारी दुसरे सूक्ष्मजीव नाहीत. या परीक्षेत पहिला आलेला वाण तापलेल्या, कोरड्या शेतात आठवडाभरही टिकला नाही तर त्याच्या जलद मारण्याचा उपयोग काय? त्याऐवजी जिथे वापरायचा तिथल्याच मातीतून, तिथल्याच मुळांवरून वाण घ्यावा. त्याचा उन्हाचा आणि तापमानाचा पल्ला आधी तपासावा. पिकाच्या मुळांवर तो टिकतो का ते पाहावं. मारण्याची गती त्यानंतर बघावी. बियाण्याला किंवा रोपाच्या मुळांना बुरशी लावणं हे उघड्या मातीवर फवारण्यापेक्षा अधिक पटतं, ते कोबीच्या प्रयोगातल्या लाख आणि हजार या आकड्यांमुळे.

आणि नमुना गोळा करणाऱ्यांनी डबीवर कीटकाच्या नावासोबत आणखी काही लिहायला हवं: माती सावलीतली की उन्हातली, कोणत्या झाडाच्या मुळाशी, किती खोल, शेवटची नांगरट कधी झाली, त्या दिवशी मातीचं तापमान किती होतं. जुन्या संग्रहातल्या हजारो नमुन्यांवर ही माहितीच नाही, त्यामुळे त्यांची जनुकं आज वाचता आली तरी ती जिथून आली ती जागा कशी होती, हे कळायला मार्ग उरलेला नाही.